अर्धं गाणं पाठवा, उरलेलं तिथेच बनवा

आधी थोडं गणित, मग इतिहास.

सीडीवर गाणं साठवताना आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं घेतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. गुणाकार करा, सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट्स. म्हणजे १४११ केबीपीएस. चार मिनिटांचं गाणं झालं ४२ एमबीचं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपचा वेग होता ९.६ केबीपीएस. त्या लाईनवरून हे एक गाणं उतरवायचं तर पावणेदहा तास. तेही मधे लाईन तुटली नाही आणि घरात कोणी फोन उचलला नाही तर :-)

तेच गाणं १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत बसवलं की ५३ मिनिटं. आणि २४ केबीपीएसमध्ये बसवलं तर? बरोबर दहा मिनिटं.

१४११ वरून १२८ वर कसे आलो ही गोष्ट बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेली असते, कारण एमपीथ्री हे नाव घराघरात पोचलं. १२८ वरून २४ वर कसे आलो, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मला विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे, आणि खरी भानगडही तिथेच. पहिल्या टप्प्यात इंजिनिअर मंडळींनी केलं ते एवढंच, की जे ऐकू येत नाही ते फेकून दिलं. दुसऱ्या टप्प्यात त्यांनी जे ऐकू येतं तेही पाठवायचं बंद केलं, आणि पलीकडच्या टोकाला ते नव्याने बनवायला सुरुवात केली.

पहिला टप्पा आधी उरकून घेऊ.

कुकरची शिट्टी चालू असताना बाहेरच्या खोलीत कोणी हळू बोललं तर ऐकू येत नाही. शिट्टी थांबली की येतं. ह्याला म्हणतात मास्किंग, मोठ्या आवाजाने त्याच्या आजूबाजूचा लहान आवाज झाकून टाकणं. 'आजूबाजूचा' हा शब्द महत्त्वाचा. जर्मनीतल्या एबरहार्ड झ्विकरने १९६१ मध्ये कानाचे २४ पट्टे मांडले. मोठा आवाज ज्या पट्ट्यात असतो तिथला बारीक आवाज जवळजवळ पूर्ण झाकला जातो, शेजारच्या पट्ट्यांतला थोडाफार, आणि लांबच्या पट्ट्यातला अजिबात नाही. आता बिट्स कमी केले की आवाजात खरखर वाढते, हे अटळ आहे. पण ती खरखर जर नेमकी झाकल्या गेलेल्या जागी ढकलता आली, तर ती असूनही नसल्यासारखीच.

ही युक्ती आधी बोलण्यावर वापरली गेली. १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या मॅनफ्रेड श्रोडर, बिष्णू अटल आणि जोसेफ हॉल ह्यांनी ह्यावर पेपर लिहिला. ह्यातले अटल कानपूरचे, लखनौ विद्यापीठात शिकलेले, मग बंगळुरूची आयआयएससी, आणि १९६१ पासून बेल लॅब्ज. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आवाजाचे असे बारीक पट्टे करायला जे गणित लागतं त्यालाही आपल्याकडचा धागा आहे. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी 'डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म' नावाच्या कल्पनेसाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. प्रस्ताव नामंजूर! कल्पना फारच साधी आहे, असा एक आक्षेप होता, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय. मग टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्याबरोबर त्यांनी १९७४ मध्ये तो पेपर छापला. जेपेग फोटो त्यावर उभे आहेत. १९८७ मध्ये प्रिन्सेन, जॉन्सन आणि ब्रॅडली ह्यांनी त्याच घराण्यातला एमडीसीटी आणला, आणि एमपीथ्री, एएसी, व्हॉर्बिस, ओपस ह्या सगळ्यांच्या पोटात तो आहे. 'फारच साधी' कल्पना.

नकाराचा दुसरा किस्सा जर्मनीतल्या एरलांगनचा. तिथले प्रोफेसर डिटर झाईट्सर ह्यांना टेलिफोनच्या लाईनवरून संगीत पाठवायचं होतं. पेटंटचा अर्ज केला, तर परीक्षकाने हे अशक्य आहे म्हणून परत पाठवला. झाईट्सरनी मग ते काम कार्लहाईन्झ ब्रांडेनबुर्ग नावाच्या विद्यार्थ्याला दिलं. ब्रांडेनबुर्गचा प्रबंध १९८९ मध्ये पूर्ण झाला, एमपेगचं पहिलं मानक १९९२ मध्ये ठरलं, आणि १४ जुलै १९९५ ला फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी आपसातल्या ईमेलवर ठरवून फाइलला .एमपी३ हे शेपूट लावलं. आपलं व्हीएसएनएल त्यानंतर बरोबर एक महिना आणि एक दिवसाने.

सुझान व्हेगाच्या 'टॉम्स डायनर' गाण्याची गोष्ट ह्या इतिहासात नेहमी सांगतात. पण ते गाणं एवढं अवघड का होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यात फक्त एका बाईचा आवाज आहे, साथीला एकही वाद्य नाही. म्हणजे खरखर लपवायला जागाच नाही. वर अजून एक भानगड. आवाज ऐकू येतो बरोबर मधून. डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळे दाबले, तर आवाज मधे राहतो आणि खरखर दोन्ही बाजूंना पसरते. कानाला दिशा कळते, त्यामुळे वेगळ्या जागेवरून येणारी खरखर झाकली जात नाही. आधीची सगळी मोजमापं एका कानाचा विचार करून केलेली, आणि माणसाला तर दोन कान! ब्रांडेनबुर्गने ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून कोडर दुरुस्त केला. गंमत बघा, हार्ड रॉकचा गोंगाट दाबायला सोपा, आणि एकटा गळा सगळ्यात अवघड.

असो. नॅपस्टर, विनॅम्प वगैरे भाग तुम्हाला माहीतच आहे.

आता दुसरा टप्पा. १२८ केबीपीएसला एमपीथ्री ठीक वाजतं. ६४ ला आणा, आणि झाकल्या जाणाऱ्या जागा संपतात. फेकण्यासारखं सगळं फेकून झालेलं असतं. आता एन्कोडरपुढे दोनच रस्ते. एक, वरच्या फ्रिक्वेन्सी जमेल तशा ठेवायच्या. मग त्या कधी असतात, कधी नसतात, आणि गाण्याच्या मागे पाखरं चिवचिवल्यासारखा आवाज येतो. दोन, वरचं सगळं सरळ कापून टाकायचं. मग चिवचिव नाही, पण गाणं तोंडावर गोधडी घेऊन म्हटल्यासारखं वाटतं. सुरुवातीची इंटरनेट रेडिओ स्टेशनं ज्यांनी ऐकलीत त्यांना ही दोन्ही पापं ओळखीची असतील.

वरचं कापलं की नुसती चमक जात नाही, अर्थही जातो. जुन्या लँडलाईनला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा मिळायचा. 'स' चा बराचसा जोर ह्याच्याही वर असतो. म्हणून फोनवर 'साठ' म्हटलं की पलीकडून 'आठ का साठ?' असं विचारलं जायचं. बँकेचा आकडा असेल तर पंचाईतच.

बोलण्यावर काम करणारी मंडळी तोवर वेगळ्याच वाटेने निघाली होती. त्यांचा विचार असा, की आवाजाची लहर पाठवायचीच कशाला? गळा कसा आहे, जीभ-ओठांनी तोंडाचा आकार काय केलाय, एवढं आकड्यांत सांगा. पलीकडचं यंत्र तसाच गळा तयार करून बोलेल. ह्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे १९८५ चा श्रोडर आणि अटल (तेच आपले कानपूरचे) ह्यांचा सेल्प. तेव्हाचा क्रे-१ सुपरकॉम्प्युटर एका सेकंदाचं बोलणं कोड करायला दोन मिनिटांहून जास्त घ्यायचा. त्याचीच नातवंडं-पतवंडं पुढे दर मोबाईलमध्ये बसली. १९९५ च्या पहिल्या रिअलऑडिओला १४.४ च्या मॉडेमवरून आवाज पोचवता आला तोही ह्याच घराण्याच्या जोरावर. पण गळ्याचं मॉडेल गळ्यापुरतंच. कस्टमर केअरला फोन लावल्यावर होल्डचं संगीत एवढं भीषण का वाजतं? कारण पलीकडचा कोडर त्या सतारीला एक माणूस समजून तिचे ओठ शोधत असतो.

मग संगीतासाठी असं काही 'बनवून' घेता येईल का? पहिलं छोटं पाऊल एमपेग-४ च्या वेळी, १९९० च्या दशकाच्या शेवटी पडलं. टाळ्यांचा कडकडाट किंवा झांजेची सळसळ हे गणिताच्या भाषेत जवळजवळ यादृच्छिक. त्यातला प्रत्येक थेंब पाठवण्यात काही अर्थ नाही. 'इथे सळसळ आहे, एवढ्या जोराची' एवढा निरोप धाडा, डिकोडर स्वतःची सळसळ ओतेल. म्हणजे तुम्ही ऐकता ती झांज त्या वादकाची नसतेच. तुमच्या फोनने तिथल्या तिथे केलेली असते.

आणि मग आले स्वीडनचे लार्स लिल्येरिड. १९९७ मध्ये त्यांनी स्टॉकहोममध्ये कोडिंग टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी काढली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गाण्याचा वरचा अर्धा भाग पाठवूच नका. खालचा अर्धा नीट पाठवा. डिकोडर खालचाच तुकडा उचलून वर चिकटवेल. सोबत एक बारीकशी चिठ्ठी जाईल : ह्या क्षणी वरच्या भागात जोर किती, कुठे चढ, कुठे उतार. चिठ्ठीचा खर्च दर चॅनेलला दोन-तीन केबीपीएस. नाव ठेवलं स्पेक्ट्रल बँड रेप्लिकेशन, एसबीआर.

पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, हे कसं चालेल? हे तर शुद्ध कॉपी-पेस्ट झालं! पण चालतं, आणि त्याचं कारण पुन्हा कानात आहे. पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४१८६ हर्ट्झची. साधारण ५००० च्या वर आपल्याला सूर असा फारसा कळत नाही. कळते ती चमक, धार, 'स' आणि 'श' ची फुंकर. तिथला जोर बरोबर असला, तो बरोबर वेळी आला, की कान समाधानी. आत नेमकं काय आहे ह्याची तो चौकशी करत नाही. खालच्या भागातले स्वर आणि वरच्या भागातले त्यांचे उपस्वर एकमेकांसारखेच वागतात, हाही ह्या युक्तीचा एक आधार.

२००१ मध्ये एसबीआर एमपीथ्रीला जोडून एमपीथ्रीप्रो आलं, ते फार चाललं नाही. एएसीला जोडलं ते मात्र २००३ मध्ये एचई-एएसी नावाने मानक झालं. २००४ मध्ये त्यात पॅरामेट्रिक स्टिरिओची भर पडली. म्हणजे डावा-उजवा एकत्र करून एकच आवाज पाठवायचा, आणि कुठलं वाद्य कुठल्या बाजूला ह्याची अजून एक चिठ्ठी. आता हिशोब बघा. वरचा अर्धा भाग गेला, दोनातला एक चॅनेल गेला, आणि २४ केबीपीएसमध्ये ऐकण्यासारखा स्टिरिओ आला. सीडीच्या जवळपास साठावा हिस्सा. मला तरी हे एमपीथ्रीपेक्षा जास्त भारी वाटतं. २००७ मध्ये ती कंपनी डॉल्बीने विकत घेतली.

ह्याच काळात चाचण्यांचा प्रश्नही बदलला, आणि माझ्या मते ह्या इतिहासातली ही सगळ्यात कमी बोलली गेलेली गोष्ट आहे. १९९० च्या दशकातल्या चाचणीत ऐकणाऱ्याला मूळ आणि दाबलेला आवाज ऐकवून पाच गुणांची फूटपट्टी देत. पाच म्हणजे फरक कळतच नाही. चार म्हणजे फरक कळतो, पण खुपत नाही. तीन म्हणजे जरासा खुपतो. एमपीथ्रीवाले पाचाच्या मागे होते. कमी बिटरेटला मात्र पाच मिळणारच नव्हते, मग अशा कोडरांसाठी २००१ मध्ये मुश्रा नावाची वेगळी चाचणी आली. त्यात शून्य ते शंभर गुण, नमुन्यांमध्ये लपवलेलं मूळ गाणं, आणि मुद्दाम ३५०० हर्ट्झला कापलेला एक रद्दड नमुना. लपवलेल्या मूळ गाण्यालाच जो कमी गुण देईल त्याचा निकाल बाजूला काढतात. चाचणी हुशार आहे, वाद नाही. पण प्रश्न आता 'फरक कळतो का' हा राहिला नाही. 'चालवून घ्याल का' हा झाला.

आणि काय चालवून घेतलं जातं हे कोणाचं संगीत चाचणीला आहे त्यावर ठरतं. तंबोऱ्याचं उदाहरण घेऊ. सा १४० हर्ट्झचा असेल तर उपस्वर २८०, ४२०, ५६० असे १४० च्या पाढ्यात चढत जातात. जवारीचा सगळा झणत्कार ह्या पाढ्यात आहे. आता एसबीआरने खालचा तुकडा समजा ५००० ने वर सरकवला. ५००० काही १४० च्या पाढ्यात येत नाही. म्हणजे खऱ्या तंबोऱ्यात जिथे ५०४० आणि ५१८० पाहिजेत, तिथे येणार ५१४० आणि ५२८०. फार वर हे घडलं तर कानाला पत्ता लागत नाही. पण बिटरेट जितका कमी, तितकी चिकटवण्याची रेषा खाली सरकते, आणि मग जवारी खरबरीत व्हायला लागते. तबल्याला ह्याने काही फारसं होत नाही, तंबोऱ्याला आणि हार्मोनियमला होतं.

ह्यावर उपाय निघाला २०१२ च्या नव्या मानकात, ज्याला एक्सएचई-एएसी म्हणतात. सरकवण्याऐवजी ताणायचं. म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार. दुप्पट केलं की १४० च्या पाढ्यातला आकडा १४० च्या पाढ्यातच पडतो. एवढी साधी गोष्ट. (सरकवण्यापेक्षा ताणायला गणित जास्त लागतं, आणि स्वस्त चिपला तेव्हा ते झेपणारं नव्हतं.) शिवाय बोलणं आणि गाणं ओळखून क्षणाक्षणाला गळ्याचं मॉडेल आणि एमडीसीटी ह्यांत अदलाबदल करायची सोयही त्यात आली. दोन घराणी शेवटी एका छताखाली. आपल्याकडे ह्याचा थेट संबंध आहे, कारण आकाशवाणीने मीडियम वेव्हवर डीआरएम ह्या डिजिटल पद्धतीचे तीसहून जास्त ट्रान्समीटर बसवले, आणि डीआरएममध्ये हेच कोडर आहेत. एका मीडियम वेव्ह चॅनेलात मिळून मिळून मिळतात वीस-पंचवीस केबीपीएस. रात्रीची शास्त्रीय संगीताची मैफल त्यातूनच जायची.

पैशाची बाजूही थोडक्यात. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्राउनहोफरने फुकट एमपीथ्री एन्कोडर लिहिणाऱ्यांना पेटंटची आठवण करून देणारी पत्रं पाठवली. त्या धक्क्यातून ख्रिस माँटगोमेरीने व्हॉर्बिस हा मुक्त कोडर उभा केला. त्याच गोटातून, स्काईपच्या कोडरला जोडीला घेऊन, २०१२ मध्ये ओपस आला. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट कधी लॅपटॉपवर उतरवली असेल तर फाइलच्या शेवटी हेच नाव दिसतं. एमपीथ्रीचा परवाना-कारभार फ्राउनहोफरने २०१७ मध्ये बंद केला. आणि हो, ओपसही कमी बिट्स असले की वरच्या पट्ट्यातली रिकामी भोकं खालच्या पट्ट्यातला तुकडा घेऊनच बुजवतो.

इथवरची बनवाबनवी मात्र सळसळ, चमक आणि दिशा ह्यांच्यापुरती होती. शब्द खालच्या अर्ध्या भागात, आणि तो खरा. २०२१ मध्ये गूगलने लायरा आणला, ३ केबीपीएसवर बोलणं. दर ४० मिलिसेकंदांना आवाजाची काही ढोबळ लक्षणं पाठवायची, आणि हजारो तासांचं बोलणं ऐकून शिकलेलं न्यूरल मॉडेल पलीकडे आख्खा आवाज बनवणार. त्याच वर्षी साऊंडस्ट्रीम, २०२२ मध्ये मेटाचं एनकोडेक. आता खालचा अर्धाही तिथेच बनतो.

जुना कोडर कमी पडला की खरखरायचा, चिवचिवायचा. तुम्हाला कळायचं की काहीतरी गेलंय, परत सांग. नवा कमी पडतो तेव्हाही स्वच्छ बोलतो.

ह्याने काय होऊ शकतं त्याचा एक नमुना चित्रांच्या दुनियेत आधीच घडून गेलाय. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल ह्या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही मशीन्स कागद स्कॅन करताना आकडे बदलत होती. सारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे एकदाच साठवायचे आणि बाकी ठिकाणी तोच डकवायचा, ही त्यातली दाबण्याची पद्धत. तिला ६ आणि ८ सारखे वाटले. छपाई एकदम सुबक, आकडा चुकीचा. घराच्या नकाशातल्या खोल्यांचं क्षेत्रफळ बदलून येत होतं.

आवाजवाल्यांना ही भीती ठाऊक आहे असं दिसतं. एप्रिल २०२० मध्ये गूगलने ड्युओ ह्या कॉलिंग ॲपमध्ये एक मॉडेल बसवल्याचं जाहीर केलं. नेटवर्कमध्ये पॅकेट हरवलं की बोलण्यात पडलेलं भोक ते स्वतः बोलून बुजवतं, त्याच माणसाच्या आवाजात. चालू अक्षर पूर्ण करण्याइतकी त्याला मुभा आहे. चुकीची अक्षरं तर बोलत नाही ना, हे बनवणाऱ्यांनी बोलणं टिपून घेणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून तपासून घेतलं. आणि एक हद्द आखून दिली. भोक १२० मिलिसेकंदांपेक्षा लांब असेल, तर मॉडेलने आवाज हळूहळू खाली आणायचा आणि गप्प बसायचं. १२० मिलिसेकंद म्हणजे साधारण एका अक्षराचा वेळ. 'साठ' मधला 'सा' जेमतेम.